धडधडीचा कोपरा

यवतमाळच्या हॉलमध्ये सबवूफर कुठं बसणार हे ठरवणाऱ्यांत कान वापरणारा एकही इसम नसतो. पहिला निर्णय घर बांधतानाच वायरमननं घेऊन टाकलेला असतो. त्यानं बोर्ड जिथं ठोकला, तिथून वायर पुरेल तेवढाच सबवूफरचा मुलूख. दुसरा निर्णय सोफ्याचा, कारण तो भिंतीपासून हलत नाही. तिसरा वास्तुवाल्यांचा: ईशान्येला देव, नैर्ऋत्येला जड वस्तू, आणि खोका जड आहे हे उचलणाऱ्या पोरानं दारातच सांगितलेलं असतं. चौथा वहिनींचा: शोकेसपुढं ठेवायचा नाही, काचा थरथरतात. एवढ्यातून जो कोपरा उरतो तो सबवूफरचा. मग त्याच्यावर क्रोशाचा रुमाल येतो आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांचा फ्लॉवरपॉट. पहिल्या गाण्याला फ्लॉवरपॉट खाली येतो आणि घरमालकाची छाती फुगते. घेतलेली वस्तू खरी निघाली!

खरी गोम त्या कोपऱ्यात आहे. खर्जातला आवाज एका दिशेनं जात नाही, तो चहूकडं पसरतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि एक फरशी मिळून त्याला एकाच बाजूला ढकलतात, म्हणून तो मोठा होतो. शिवाय खोलीच्या अंगात जेवढे म्हणून घुमणारे स्वर असतात, ते सगळे कोपऱ्यातून एकदम जागे होतात. आवाज मोठा झाला की तो चांगला झाला, असा आपला पक्का समज. त्यामुळं सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा म्हणणारा माणूस हा त्या घराच्या वैभवावर जळणारा ठरतो.

आता साधं गणित. हॉल 12 बाय 12. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो. 12 फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लाट चपखल बसते, तो स्वर येतो 47 हर्ट्झच्या आसपास. लांबी आणि रुंदी सारखीच असली की दोन्हीकडून तोच 47 वर येतो, म्हणजे एकाच उमेदवाराला दोन्ही वॉर्डांची मतं. मग पडद्यावर ढोल वाजो, बॉम्ब फुटो की हत्ती चालो, हॉल एकच उत्तर देतो: घुंऽऽ. चौरस हॉल शुभ असतो असं सांगणाऱ्यांनी हे कधी ऐकलेलं नसतं, आणि ऐकलं तरी त्यांना तो ओंकार वाटला असता. मे महिन्यात पारा 42 वर गेला की हवेत आवाज जोरात पळतो आणि हाच स्वर 49 च्या जवळ सरकतो. यवतमाळात उन्हाळ्यात खोलीसुद्धा सुराला चढते. कळत कोणालाच नाही, कारण तेव्हा खिडकीत कूलर घरघरत असतो.

याच 47 ची आणखी एक खोड आहे. तो भिंतीपाशी जोरात असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. आता आपल्याकडं बसायची पद्धत बघा. घरमालक मागच्या भिंतीला टेकून दिवाणावर, आणि जावयाला मानाची खुर्ची हॉलच्या मधोमध, पंख्याखाली. सिनेमा सुरू होतो. मालकाच्या बरगड्या वाजू लागतात.

“जावईबापू, कसा आहे बेस?”

“मामाजी, मले तर काही येऊनच नाही रायला.”

“काहून? थांबा, वाढवतो.”

बटण वाढतं. मालकाची कवळी हलते, जावई अजून कोरडाच. आणखी वाढतं. आता स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं साथ धरतात. जावयाला खुर्ची दोन हात मागं घ्या म्हणायचं कोणाच्या मनात येत नाही. मानाची खुर्ची हलवायची म्हणजे काय!

उपाय फुकट आहे, म्हणून त्यावर कोणाचा विश्वास नाही. सबवूफर उचलून आपण जिथं बसतो तिथं, म्हणजे थेट दिवाणावर ठेवायचा. खर्ज भरपूर असलेलं एखादं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेनं फरशीवर रांगायचं. कुठं घुमतं, कुठं गायब होतं आणि कुठं एकेक ठोका सुटा, स्वच्छ ऐकू येतो हे कानानं हुडकायचं. जिथं स्वच्छ, तिथं सबवूफर ठेवायचा आणि आपण परत दिवाणावर. जगभरचे शौकीन हेच करतात. पण बँकेत अधिकारी असलेला पन्नाशीचा गृहस्थ आपल्याच हॉलमध्ये चार पायांवर चाललेला बघून आई देवघरातून हमखास विचारणार: “काय हरपलं रे बाबू?” याचं उत्तर ध्वनिशास्त्रात नाही.

रांगायची लाज वाटत असेल तर दोन सबवूफर घ्यावेत आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवावा. दोघं मिळून त्या 47 ची बरीच जिरवतात. एकालाच जागा देताना घरात फाळणी होते, तिथं दुसऱ्याचं नाव काढण्याइतकी माझी तब्येत दणकट नाही.

मागच्या बाजूला काही बटणंही असतात. एक 0 आणि 180 अशा दोन टोकांचं. आपण जागेवर बसायचं, दुसऱ्यानं ते फिरवायचं, आणि ज्या बाजूला खर्ज भरीव लागेल तिथं सोडायचं. एक गोल बटण लहान स्पीकरांचं काम कुठं थांबतं आणि याचं कुठं सुरू होतं ते ठरवतं. 80 हर्ट्झवर ठेवलं की बहुतेक घरांत भागतं. ते पार वर नेलं की बातम्या देणारी बाई सबवूफरमधून बोलू लागते आणि कोपऱ्यात कोणी लपलंय की काय असं वाटतं. तिसरं बटण आवाजाचं. आपल्याकडं सबवूफरला एवढं एकच बटण असतं, बाकीची कंपनीनं शोभेला दिलेली आहेत असा समज आहे.

बाजारातल्या असेंबल सेटची गोष्ट आणखी वेगळी. निळे दिवे, ब्लूटूथ, रिमोट, आणि खोक्यावर ‘10,000 वॉट पीएमपीओ’. हा सेट आपण हॉलमधल्या 6 अँपिअरच्या पॉइंटला लावतो. 230 व्होल्टला 6 अँपिअर म्हणजे 1,380 वॉट. उरलेले 8,620 वॉट कुठून येतात ते दुकानदाराला विचारावं. तो चहा सांगतो.

ही आवड आपल्याला लागली कुठून? यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याखालोखाल, असं आपण पाहुण्यांना ठासून सांगतो. लग्नात संदल असतं, मिरवणुकीत डीजे असतो. छातीत वाजल्याशिवाय कानात वाजलं असं आपण मानतच नाही. रस्त्यावर ते खपून जातं, कारण रस्त्याला भिंती लांब असतात. तीच मिरवणूक 12 बाय 12 मध्ये भरली की फक्त घुंऽऽ उरतं. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुलनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. 2016 पासून आपण त्या सिनेमाची चाचणी ‘झिंगाट’वर घेतो आणि व्हायोलिनं सुरू झाली की पुढं ढकलतो.

शेजाऱ्याला मात्र सगळ्यांत शुद्ध खर्ज मिळतो. नऊ इंची भिंत संवाद अडवते, व्हायोलिनं अडवते. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब, ती भिंतीला फारशी जुमानत नाही. त्यामुळं शेजारचे काका रोज रात्री खाटेवर पडून अख्खा सिनेमा नुसत्या हाणामारीत ऐकतात. प्रेमप्रसंगी त्यांना डुलकी लागते, क्लायमॅक्सला मोडते.

काकांनी कायद्याकडं जायचं म्हटलं तर कायद्याचा कान बघून घ्यावा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल, आणि खासगी ध्वनियंत्रणेला आपल्या हद्दीच्या कडेला वर 5 ची मुभा. पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे. माणसाचा कान हळू आवाजात खर्जाला मंद असतो, म्हणून हे माप खर्जाला वजावट देतं. 50 हर्ट्झला तब्बल 30 डेसिबलची. म्हणजे कुंपणावर 80 डेसिबलचा खर्ज धडकला तरी यंत्र दाखवणार 50. रात्रीची मर्यादा 45, वर मुभा 5. झाले 50. कागदावर सगळं शांत, आणि काकांच्या खाटेखालची पत्र्याची पेटी नाचतेय.

घुमणं मारायला खोलीत काहीतरी मऊ भरा, असं तज्ज्ञ सांगतात. पडदे लावून, गादी टाकून हे होत नाही. त्यानं उंच आवाज मरतात आणि खर्ज तसाच राहतो. 50 हर्ट्झला नीट गिळायचं तर मऊ थर लाटेच्या पाव भागाएवढा लागतो, म्हणजे 1.7 मीटर, साडेपाच फूट. शहरात कोण भिंतीला साडेपाच फूट कापूस लावणार?

लावणारे आहेत. दारव्हा, घाटंजी, मारेगाव, कुठल्याही रस्त्याला लागा. वेचणी झाली की भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच पुढच्या खोलीत भरलेला दिसतो, माणसाच्या उंचीचा ढीग. पोरं त्याच्या कडेला अभ्यास करतात, मोठी माणसं खाजवत बसतात. ध्वनिशास्त्राच्या हिशेबानं जिल्ह्यातल्या सगळ्यांत तयार खोल्या त्या. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. बरा सबवूफर म्हणजे तीन-चार क्विंटल, तोही हमीभाव हातात पडला तर. तो घ्यायचा ठरला की आधी ती खोली रिकामी करावी लागते.