खुडूक कोंबडीच्या हाताखाली काम करताना

कोंबडी खुडूक झाली की घरातल्या कर्त्या पुरुषाला आपण काहीतरी करायला हवं असं वाटू लागतं. प्रस्तुत मार्गदर्शन या भावनेवरचा उपचार म्हणून लिहिलं आहे. अंडी कोंबडी उबवते. तिला ते काम येतं आणि त्यासाठी तिने कुठलाही अभ्यासक्रम पुरा केलेला नाही. माणसाची नेमणूक मदतनीस म्हणून असते, तीही हंगामी आणि बिनपगारी. एवढं मनाशी पक्कं झालं की पुढचे दोन-तीन महिने सुखाने जातात. न झालं तर हाताला चोची बसतात.

इथल्या सूचना दक्षिण कोकणातल्या घराला धरून आहेत. म्हणजे पडवी, परसू, शेजारी एक काकी, आणि व्हिडिओ पाहून मुंबईहून सल्ले देणारा एक भाऊ. देशावरच्या मंडळींनी काकी तीच ठेवून बाकीचे बदल करून घ्यावेत.

सर्वप्रथम, कोंबडी खरोखर खुडूक आहे की नुसतीच दुपारची अंडं घालायला बसली आहे, याची खात्री करावी. संध्याकाळी बाकीच्या खुराड्याकडे निघाल्या आणि ही जागची हलली नाही, तर संशयाला जागा आहे. हात पुढे करावा. ती अंग फुलवते, पंख जमिनीला टेकवते आणि घशातल्या घशात गुरगुरते. यानंतर चोच बसते. चोच बसली म्हणजे निदान झालं. अधिक पुरावा हवा असेल तर पोटाखाली बोटं घालून पाहावं. छातीवरची पिसं गेलेली असतात आणि उघडी कातडी चटका बसेल इतकी गरम लागते. तुरा फिका पडतो, अंडी बंद होतात. हे सगळं प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचं काम आहे, तिच्या स्वभावाचं नाही. तेव्हा ‘एवढी गरीब होती, हिला झालं काय’ असं तिच्यासमोर बोलू नये.

ही सेवा गावठी कोंबडीच देते. वनराजा, गिरीराज या सुधारित जातींमधून खुडूक बसण्याची सवय बहुतेक गेलेली आहे. त्या अंडी घालतात आणि विषय तिथे संपवतात. कडकनाथचं तर विचारूच नये. झाबुआची ती काळी कोंबडी, २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण अंड्यांवर बसायचं म्हटलं की तिला फारसा उत्साह नसतो. ज्यांनी मोठ्या हौसेने कडकनाथ आणली, ते शेवटी तिची अंडी आजीच्या तांबड्या गावठीखालीच ठेवतात.

(ज्यांना पिल्लं नकोतच, त्यांनी कोंबडीला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पेंढ्याविना, तीन-चार दिवस ठेवावं. खालून हवा लागली की पोट निवतं. नाकात पीस खुपसण्याचा जुना उपाय करणाऱ्यांनी आधी तो स्वतःच्या नाकावर करून बघावा.)

आता अंडी. इथे मुंबईच्या भावाचा फोन येतो : ‘दुकानातून डझनभर आणून ठेव की, स्वस्त पडतील.’ त्याला शांतपणे सांगावं की पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यांत कोंबडा नसतो. कोंबड्याविना घातलेलं अंडं एकवीस दिवस काय, एकवीस वर्षं उबवलं तरी त्यातून पिल्लू निघणार नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तगडा कोंबडा असलेल्या घरचीच अंडी घ्यावीत. ती आठवड्याच्या आतली असावीत, टोकाची बाजू खाली करून सावलीत ठेवलेली असावीत. धुवू नयेत, कवचावरचा नैसर्गिक लेप गेला की आत रोगजंतूंना वाट मोकळी होते. फ्रिजमधली अंडी ऑम्लेटला वापरावीत. कोंबडीच्या अंगाखाली दहा-बारा मावतात. पंधरावं घुसवलं की कडेची थंड पडतात, आणि कडेचं कोणतं हे ती रोज बदलत असल्यामुळे आळीपाळीने सगळीच थंड पडतात.

अंड्यांसाठी काकीकडे जावं लागतं, कारण कोंबडा तिचा. काकी सहा अंडी देते, पण अर्धेलीने : तिच्या अंड्यांची पिल्लं निम्मी तिची. हा व्यवहार तोंडी होतो आणि त्याला साक्षीदार नसतो. आपण कोळशाने तिच्या अंड्यांवर एक रेघ आणि आपल्यांवर फुली मारून ठेवावी. कोळशाचा दुसराही उपयोग आहे. खुडूक कोंबडी चार दाणे खायला उठली की घरातल्या दुसऱ्या कोंबड्या तिच्या ऊबदार जागेत येऊन बिनदिक्कत अंडं घालून जातात. बिनखुणेचं अंडं दिसलं की लगेच काढून घ्यावं. राहू दिलं तर बाकीची फुटली तरी ते आठवडाभर मागेच राहतं, आणि कोंबडीने पिल्लं सांभाळायची की ते एक उबवायचं, हा प्रश्न उभा राहतो. ती पिल्लं सांभाळते. तिचा निर्णय बरोबर असतो.

घरट्याची जागा पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीलगत असावी. जुनी वेळूची पाटी घ्यावी, तळाला ओलसर माती थापावी, वर पेंढा घालून मध्ये किंचित खोलगट करावं म्हणजे अंडी मधोमध जमतात. पेंढ्यात राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळावा. एकवीस दिवस एका जागी बसणाऱ्या प्राण्याचा पत्ता उवांना फार लवकर लागतो. आजी या अंड्यांमध्ये एक गंजका खिळा ठेवते. वळिवाच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. खिळ्याने गडगडाट कसा अडतो हे विचारू नये. खिळा राहू द्यावा, फक्त टोक वर नसावं.

कोंबडीला नव्या जागी न्यायचं ते रात्री. दिवसा हलवली तर ती जुन्या जागी परत जाऊन तिथल्या रिकाम्या खड्ड्यावर निष्ठेने बसते. पहिल्या दोन रात्री पाटीत खरी अंडी न ठेवता दोन पांढरे गोटे ठेवावेत. गोट्यांवर मन लावून बसली तर ती कामाला लायक. अंडी मग सगळी एकाच वेळी ठेवावीत, म्हणजे पिल्लंही एकाच वेळी निघतात; ऊब मिळेपर्यंत आतला जीव थांबून राहतो.

यापुढे रोजचा दिनक्रम. कोंबडी दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटांसाठी. या अवधीत ती दाणे गिळते, पाणी पिते, धुळीत लोळून घेते आणि एक विष्ठा टाकते. ही विष्ठा नेहमीच्या चौपट असते, कारण घरटं घाण होऊ नये म्हणून तिने ती दिवसभर धरून ठेवलेली असते. तिच्या वासाबद्दल एवढंच म्हणता येईल की पाहुणे जेवायला बसलेले असताना कोंबडी पडवीतून उठू नये, याची तजवीज करावी. काही कोंबड्या कर्तव्यदक्षतेच्या भरात उठतच नाहीत आणि वाळत जातात. त्यांना उचलून बाहेर ठेवावं लागतं. उचलण्यापूर्वी दोन्ही पंखांखाली बोटं फिरवावीत; तिथे एखादं अंडं हमखास चिकटलेलं असतं, कमरेएवढ्या उंचीवर ते सुटतं, आणि ते नेमकं काकीच्या रेघेचं असतं.

उरलेल्या वेळात ती काय करते? चोचीने एकेक अंडं ओढून पोटाखाली फिरवते, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला. न फिरवलं तर आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतो. उबवणीच्या यंत्रात हेच करायला मोटर लागते, साधारण ३७.५ अंश तापमान राखावं लागतं आणि लाइट गेली की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आपल्या पडवीतलं यंत्र भारनियमनाच्या काळातही चालू राहतं. त्याला तेल घालण्याचा प्रयत्न करू नये.

सातवा दिवस मात्र कर्त्या पुरुषाचा. साऱ्या प्रकरणात अधिकृतपणे हात घालता येईल असा हा एवढाच प्रसंग आहे, तेव्हा त्याने तो दिमाखात साजरा करावा. चपलांच्या खोक्याला रुपयाएवढं भोक पाडावं, आत मोबाइलचा टॉर्च लावावा, पडवीचा दिवा मालवावा, मुलांना ‘हात लावू नका’ म्हणावं आणि एकेक अंडं भोकावर धरावं. जिवंत अंड्यात तांबूस उजेडात लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक काळा ठिपका. जरा वेळ थांबलं तर तो ठिपका हललेलाही दिसतो. या क्षणी घरातले सगळे गप्प होतात, काकीसुद्धा. स्वच्छ पिवळं दिसलं तर ते वांझ. शिरा नसून नुसतं लाल कडं दिसलं तर आतला जीव गेला. ही दोन्ही काढावीत, नाहीतर उन्हाळ्यात ती फुटतात आणि वर सांगितलेल्या वासाची महती कमी वाटू लागते.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंड्याच्या आतून बारीक आवाज येऊ लागतो; पिल्लाने आतल्या हवेच्या कप्प्यात चोच घातलेली असते. कोंबडी त्याला हळू आवाजात उत्तर देते. हे संभाषण खासगी आहे. मग कवचाला एक टवका उडतो आणि कित्येक तास काहीच घडत नाही. मुंबईचा भाऊ व्हिडिओ कॉलवर ‘सोल ना जरा, दमलंय ते’ म्हणतो. सोलू नये. आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या अजून जिवंत असतात आणि पिल्लाच्या पोटात बलक ओढला जायचा असतो. नखाने सोललेलं पिल्लू रक्त जाऊन मरतं. पिल्लू दमलेलं नाही, थांबलेलं आहे. त्याच्या चोचीच्या टोकाला यासाठीच एक बारीक कठीण दाणा असतो, जो नंतर गळून पडतो. माणसाच्या नखाची सोय निसर्गाने त्यात केलेली नाही. आजी एवढंच म्हणते, ‘‘हात लाव नको रे, तिका सगळा कळता.’’

एकविसाव्या दिवशी सकाळी पाटीत फक्त कोंबडी दिसते आणि तिच्या पिसांतून तीन डोकी. रिकामी टरफलं हलकेच काढून उकिरड्यावर टाकावीत. पिल्लांना लगेच काही भरवायला जाऊ नये. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज निघतात, म्हणून तर आधी फुटलेली मागाहून फुटणाऱ्यांसाठी थांबू शकतात. पुढे तांदळाची कणी, नाचणीचं भरड पीठ, आणि सर्वांत आवडती वाळवी. परसातलं वाळवी लागलेलं लाकूड पिल्लांपुढे झटकावं. कोंबडी एक वाळवी चोचीत धरते, टाकते, पुन्हा उचलते, पुन्हा टाकते, आणि ‘टुकटुकटुक’ करते. पिल्लं धावत येतात. स्वतः ती खात नाही. पाणी उथळ बशीत द्यावं आणि तिच्यात खडे घालावेत. पिल्लं करवंटीतसुद्धा बुडून दाखवतात.

पाचव्या ते सातव्या दिवसादरम्यान मानमोडीची, म्हणजे रानीखेतची लस. लासोटाचा एकेक थेंब डोळ्यात. थेंब घालणं सोपं आहे. अडचण अशी की आपल्याकडे पिल्लं आठ आणि कुपी किमान शंभर पिल्लांची. विरघळवलेली लस दोनएक तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात ठेवावी लागते. अर्थात उरलेली ब्याण्णव पिल्लं वाडीतून गोळा करणं आलं. ज्या घराशी आपलं कुंपणावरून बोलणं बंद आहे, तिथेही थर्मास घेऊन जावं. मानमोडी कुंपण मानत नाही. एकदा साथ आली की वाडी रिकामी करून जाते, आणि त्या दिवशी कोणाची चूक हे शोधायला सवड सगळ्यांना मिळते.

रात्री कोंबडी पिल्लांसकट डालग्याखाली झाकावी आणि वर दगड ठेवावा, कारण मुंगसाला डालगं उचलता येतं. दिवसा घार. आकाशात सावली फिरली की कोंबडी एक लांब, कर्कश सूर काढते आणि अंगणात पसरलेली सगळी पिल्लं क्षणात तिच्या पंखाखाली जातात. जे गेलं नाही ते गेलं. संध्याकाळी पिल्लं मोजायची इच्छा होते. ‘‘मोजू नको, दृष्ट लागता,’’ असं आजी म्हणते आणि स्वतः ओठांतल्या ओठांत मोजते.

साधारण दोन महिन्यांनी एके सकाळी कोंबडी आपल्याच पिल्लांना चोच मारून हाकलू लागते. घाबरू नये. ती पुन्हा अंड्यावर येणार आहे. पिल्लांच्या तुऱ्यांवरून आता तलंग कोणती आणि कोंबडा कोणता तेही कळू लागतं, आणि ते कळल्याच्या दुसऱ्या दिवशी काकी वाटणीला येते.

सहा उरलेली असतात, तीन तलंगा आणि तीन कोंबडे. काकी खाटेवर बसते आणि शांतपणे तिन्ही तलंगांकडे बोट दाखवते. अर्धेली निम्म्या पिल्लांची ठरली होती, तीही फक्त तिच्या अंड्यांच्या, असं आपण म्हणून पाहावं. ती म्हणते, घारीने नेली ती दोन्ही तुमच्या अंड्यांची. तिने तेव्हाच ओळखलं होतं, चालीवरून. आपण कोळशाच्या खुणांची आठवण करून द्यावी : रेघ तुमची, फुली आमची. काकी मान डोलावते. खुणा होत्याच, कोण नाही म्हणतं. दाखवा कुठे आहेत त्या. खुणा टरफलांवर होत्या, आणि टरफलं आपण स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकली. अशा वेळी मुकाट्याने कोंबडे घ्यावेत आणि काकीसाठी चहा टाकायला सांगावं, कारण पुढच्या खेपेला अंडी तिच्याकडूनच आणायची आहेत.