पुण्याची बादली, सोलापूरचा नळ

पुण्यात पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या बसवल्या, कारण लोक पुलावरून निर्माल्य नदीत टाकत होते. आता काय करतात? जाळीवरून भिरकावतात.

हात जोडून.

देवाला वाहिलेलं फूल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नदीत सोडावं, हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय? फूल चार दिवसांत कुजतं. पिशवी नातवंडांनाही पुरून उरते.

पण सगळं खापर निर्माल्यावर फोडू नका. ते दिसतं, म्हणून सापडतं. खरी घाण फ्लशचं बटण दाबलं की निघते. मैलाशुद्धीकरण केंद्रांत मावेल तेवढीच तिथे थांबते, उरलेली थेट मुठा नदीत उतरते. तिला कुठली जाळी अडवणार?

दर उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी पसरते. डास वाढतात, ओरड होते, जलपर्णी काढायची निविदा निघते. ही वनस्पती पोसली जाते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. सांडपाणी थांबत नाही, म्हणून पुढच्या वर्षी जलपर्णी हजर.

निविदाही हजर.

जपानी कर्जाच्या मदतीने पुण्यात 11 नवी शुद्धीकरण केंद्रं उभारण्याची सुमारे 990 कोटींची योजना 2016 मध्ये मंजूर झाली. प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच कित्येक वर्षं गेली. तोवर शहर थांबलं का? मजले चढत गेले, नळजोड वाढत गेले. संडास मंजुरीची वाट पाहत नाहीत.

हे फक्त पुण्याचं दुखणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशात 351 प्रदूषित नदीपट्टे मोजले. सर्वाधिक 53 महाराष्ट्रात. 2022 च्या यादीत देशाचा आकडा 311 वर उतरला.

महाराष्ट्राचा 55 वर चढला.

आता हे पाणी जातं कुठे ते पाहा. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. ते शुद्ध करून पितं, हे खरं. पण घाण करणार पुणे आणि निस्तरणार सोलापूर, हा कुठला न्याय?

हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. पुण्यात पालखी आली की आपण वारकऱ्यांचे पाय चेपतो, त्यांना जेवू घालतो, वेशीपर्यंत निरोप देतो. आणि मग त्यांच्या मागोमाग आपलं सांडपाणी पाठवतो.

आषाढीच्या स्नानाला.

आळंदीची तऱ्हा वेगळी नाही. इंद्रायणीचं तीर्थ ओंजळीत घ्यावं, तर कित्येकदा हाती फेस येतो. माउलींच्या दारात कारखान्याचं आणि गटाराचं पाणी सोडताना कोणाचा हात कसा थरथरत नाही?

‘सरकार काय करतंय?’ हा प्रश्न रास्त आहे. जरूर विचारा, पण घरातली बादली बघून विचारा. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं 2016 च्या नियमांनीच बंधनकारक केलं होतं. आजही खरकटं, बॅटऱ्या, औषधं आणि डायपर एकाच पिशवीत कोंबणारी घरं कमी नाहीत. आणि घंटागाडी चुकली की ती पिशवी जाते कुठे?

ओढ्यात.

ओढा म्हणजे नदीची शीर आहे. शहराने त्याला गटार मानलं, पात्र आवळलं, त्यात राडारोडा टाकला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा पुण्यातल्या वस्त्यांत शिरला. त्या रात्रीच्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. पाण्याला वाट ठेवली नाही, तर ते घरांतून वाट काढतं.

कचऱ्याचं वर्गीकरण अवघड आहे म्हणता? पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने साधा उपाय सांगितलाय: वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. कचरा निवडणाऱ्या ताईला तो उघडून बघावा लागत नाही. तिला हे हात जोडून सांगावं लागलं, हीच लाज वाटायची गोष्ट आहे. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नये आणि उरलेला रंग मोरीत टाकू नये, हे कळायलाही पदवी लागत नाही.

रविवारी नदीकाठी हातमोजे घालून कचरा उचलणाऱ्यांना मनापासून नमस्कार. पण सोमवारी ओढा नवा कचरा आणून ओततो. काठ कितीही झाडला, तरी शहर वर्गीकरण करत नाही तोवर नदी सुटत नाही.

आणि सोसायटीचा तो सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी? बिल्डरने परवानगीसाठी बांधला, समितीने वीजबिलासाठी बंद ठेवला. असे किती प्रकल्प झाकणाखाली झोपलेत? सभेत पार्किंगवर दोन तास भांडणारे आपण याबद्दल एक वाक्य बोलतो का?

सोलापूरकराला पुण्याच्या महापालिकेत मत नाही. तुमच्या सोसायटीच्या सभेत त्याला खुर्ची नाही. प्यायचं मात्र त्याने.

म्हणून त्याच्या वतीने तुम्ही उभे राहा. पुढच्या सभेत दोनच प्रश्न विचारा: आपला एसटीपी आज चालू आहे का, आणि आपला ओला कचरा जिरतो कुठे?

उत्तर मिळाल्याशिवाय सभा संपू देऊ नका.