काम चालू आहे, व्याकरण शुद्ध आहे

मराठी माणूस इंग्रजीत शिरला की त्याच्या क्रियापदाला ‘आयएनजी’ चिकटलाच म्हणून समजा. ‘आय ॲम नोइंग हिम.’ ‘शी इज बिलाँगिंग टू सातारा.’ ‘आय ॲम हॅविंग टू सन्स.’ यावर तोंडाला रुमाल लावून हसणारी एक जमात आपल्यात आहे. तिचं म्हणणं असं, की माहीत असणं, हवं असणं, मालकीचं असणं या काही क्रिया नव्हेत, अवस्था आहेत. अवस्था ‘चालू’ नसते, ती नुसती असते, म्हणून तिथे साधा काळ वापरावा. ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ म्हणणाऱ्या काकांकडे इंग्रज माणूस चमकून बघतो, कारण त्याच्या हिशेबाने काकांची या क्षणी जुळ्यांची प्रसूती चालू आहे.

नियम खरा आहे आणि कामाचाही आहे. मुलीचे वडील विचारतात, ‘मुलगा काय करतो?’ मराठीत प्रश्न मोघम, म्हणून उत्तरही मोघम देता येतं. इंग्रजीत ‘व्हॉट डज ही डू’ विचारलं तर नोकरी सांगायची आणि ‘व्हॉट इज ही डूइंग’ विचारलं तर खरं सांगायचं: आतल्या खोलीत लोळून मोबाइल बघतोय. हा दुसरा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर बऱ्याच कार्यालयांच्या तारखा रिकाम्या राहिल्या असत्या.

रेल्वेने तर दोन्ही काळ आपसांत वाटून घेतले आहेत. वेळापत्रक साध्या काळात बोलतं, गाडी अमुक वाजता सुटते. फलाटावरची बाई चालू काळात बोलते, गाडी उशिराने धावत आहे. पहिला काळ छापायचा, दुसरा सोसायचा.

आणि अमेरिकेतले आपले लोक! ‘आय लिव्ह इन न्यू जर्सी’ म्हणजे कायमचा मुक्काम, ‘आय ॲम लिव्हिंग’ म्हणजे तात्पुरता. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, असा तिथला कायदा. त्यामुळे भारतीयांची रांग पिढीभराची झाली आहे. एडिसनमधल्या जोशांचं घर झालं, मुलगी कॉलेजात गेली, गणेशोत्सव मंडळाचं अध्यक्षपदही भोगून झालं, तरी व्हिसा तात्पुरताच. व्याकरण पाळायचं तर त्यांनी जन्मभर ‘लिव्हिंग’ म्हणत राहावं.

आपल्याला हा ‘आयएनजी’ लागला कुठून? घरातूनच. मराठीत मला कळतंय, मला वाटतंय, मला दिसतंय. आपल्याकडे कळणंसुद्धा चालूच असतं, पूर्ण झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्यावर शाळेने ‘इज-ॲम-आर’चा घोटा चढवला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या वाक्यं फिरवून घेतली, पुढे कपिल देवच्या फोटोसकट रॅपिडेक्स आलं. एवढ्या मेहनतीने मिळवलेला प्रत्यय माणूस काटकसरीने कसा वापरेल?

निस्सीम इझिकेल यांनी या इंग्रजीवर कविता लिहिल्या. माणूस मुंबईचा, बेने इस्रायली, म्हणजे ज्या समाजाची घरची भाषा मराठी, आणि विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा. मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोप समारंभाची त्यांची कविता वर्गात वाचली की हमखास हशा पिकतो. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी वडील अगदी तस्सेच बोलत असतात, त्यामुळे हशा जरा जास्तच मोठा असतो.

आता याच जमातीला कुणी विचारावं, की २००३ साली मॅकडोनाल्ड्सने म्युनिकमधून ‘आयम लव्हिंग इट’ जगभर सोडलं तेव्हा तुमचा रुमाल कुठे होता? प्रेम ही अवस्था. पुस्तकाप्रमाणे तिथे साधा काळच हवा. परभणीच्या पोरीने उत्तरपत्रिकेत हे वाक्य लिहिलं तर लाल गोल, बर्गरवाल्याने लिहिलं तर घोषवाक्य.

खुद्द इंग्रजांचा इतिहासही फारसा सोवळा नाही. हॅम्लेट पुस्तक वाचत असतो आणि पोलोनियस त्याला काय वाचतोस म्हणून विचारतो, तो साध्या वर्तमानकाळात. आजच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात पोलोनियसला पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावर बसवतील. चालू काळाचा खरा सुळसुळाट झाला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. त्याआधी घर बांधलं जात आहे हे सांगायला सरळ ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. मग ‘इज बीइंग बिल्ट’ हे नवं खूळ आलं. त्याचं एक गाजलेलं जुनं उदाहरण कवी रॉबर्ट साउदीच्या १७९५ च्या पत्रात आहे, आणि प्रसंग आहे न्हावी एका माणसाची दाढ मुळासकट उपटत असल्याचा. अशा वेळी साधा काळ अपुरा पडणारच, दाढ दुखलेला कुणीही हे मान्य करील.

न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी मात्र मान्य केलं नाही. शेक्सपिअरचा अभ्यास केलेला हा टीकाकार. १८७० साली आलेल्या ‘वर्ड्स अँड देअर यूजेस’ या पुस्तकात त्यांनी ‘इज बीइंग डन’ या एका प्रयोगाच्या विरोधात अख्खं प्रकरण लिहिलं. त्यांच्या लेखी हे शुद्ध बेंगरूळ इंग्रजी होतं. पुढे व्हाइट हरले आणि त्यांनी हाकललेला प्रयोग आपल्या पोरांना परीक्षेसाठी पाठ करावा लागला.

माझ्या मते ते हरायला नको होते.

कारण हा प्रयोग रुजला आणि जगभरच्या कचेऱ्यांचं कल्याण झालं. ‘युवर ॲप्लिकेशन इज बीइंग प्रोसेस्ड.’ ‘द मॅटर इज बीइंग लुक्ड इन्टू.’ भिंग घेऊन तपासा, व्याकरणाची एक चूक सापडणार नाही. फक्त कर्ता सापडणार नाही. अर्जावर प्रक्रिया करतंय कोण, कुठल्या टेबलावर, चहाच्या आधी की नंतर? क्रियापद आहे, काळ आहे, मागे सहायक क्रियापदांची पलटण आहे, नुसता माणूस तेवढा रजेवर आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने उत्तराला तीस दिवसांची मुदत घातली, पण काळाची अट घालायला तो विसरला. तिसाव्या दिवशी ‘इन्फर्मेशन इज बीइंग कलेक्टेड’ असं कळवलं की उत्तरही गेलं आणि माहितीही जागच्या जागी राहिली.

‘आय ॲम नोइंग’ म्हणणाऱ्या काकांना निदान काहीतरी माहीत असतं. हसायचं त्यांना, आणि ‘इज बीइंग’वाल्याच्या पत्राची मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून झेरॉक्स काढायची, हा न्याय मला कधी उमगला नाही. (उमगत नाहीये, असं म्हणतो. चालू आहे.)

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून दर गणपतीआधी पाहणी दौरा होतो, खड्ड्यात खडी पडते आणि पुढच्या मुदतीची घोषणा होते. सरकारं बदलली, कंत्राटदार बदलले, काळ तेवढा बदलला नाही. कोकणातला चाकरमानी या एका रस्त्यावर इंग्रजीचा अख्खा चालू वर्तमानकाळ शिकला.

इथे व्हाइट यांचा आवडता जुना प्रयोग परत आणावा, अशी माझी सूचना आहे. फलकावर लिहावं, ‘द रोड इज बिल्डिंग’. म्हणजे रस्ता स्वतःच स्वतःला बांधतो आहे, त्याच्या सवडीने, मधूनच थांबून, पावसाळ्यात थोडं उकलून. जून महिन्यात माणगावच्या कोंडीत तासभर अडकलेला माणूस या वाक्यात व्याकरणाची चूक काढणार नाही.