साकू म्हटलं तरी

मैंदर्गीच्या लग्नात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते. आमच्या गावात निम्मं बोलणं कानडीत. त्यामुळे माणूस पानावर दोन्ही हात आडवे धरून "साकू, साकू" (पुरे, पुरे) म्हणतो आणि वाढपी बोटांच्या फटीतून पळीभर ओततोच. माझ्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधला एआय याच घराण्यातला. पंगतीतला वाढपी निदान पळीमागे पैसे लावत नाही.

मी घरी बसून अक्कलकोट-दुधनीच्या अडत दुकानांची पट्टी काढणारा प्रोग्राम सांभाळतो. शेतकऱ्याची तूर आली की वजन, भाव आणि मग हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हातात काय पडणार, ते त्या कागदावर येतं. आता मी ‘तोलाई’ टाइप करायला घ्यावं, तर इंग्रजी टी-ओ होतंय तोवर पुढे राखाडी अक्षरांत ‘टोटल’ उमटलेलं असतं. टॅबला बोट लागलं की तोलाईची टोटल झाली! एकदा तर त्यानं शेतकऱ्याच्या रकमेतून अडत कापणारी ओळ मोठ्या हौसेनं पुढे केली. आमच्या पट्टीत अडत शेतकऱ्याकडून कापत नाहीत, ती खरेदीदाराच्या बिलात जाते. ओळीचं व्याकरण चोख, कंस जागच्या जागी, आणि हिशेब असा की दुसऱ्या दिवशी बाजारात माझी वरात निघावी.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या डेव्हलपरांच्या संकेतस्थळाच्या २०२५च्या पाहणीत ६६ टक्के डेव्हलपरांनी एकच तक्रार केली होती: एआयचं उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पुरतं नसतं. साफ चूक असती तर बरं. ती लांबून दिसते. जवळजवळ बरोबर असलेलं मात्र ओळ न ओळ वाचून काढावं लागतं, आणि दुसऱ्याचा कोड वाचण्यापेक्षा आपला लिहिणं केव्हाही सुखाचं.

मग बंद का करत नाही? करतो की. सेटिंगमध्ये तीन पायऱ्या उतरून बटण सापडतं, ते बंद केलं की दोन आठवडे शांतता. पुढचं अपडेट येतं आणि स्वारी पुन्हा हजर, या वेळी उजव्या कोपऱ्यात, चमकतं चिन्ह लावून. तुम्ही नको म्हणाला होतात, हे तेवढं तिच्या लक्षात नसतं. वर्गणी संपायची तारीख मात्र तोंडपाठ!

त्या तारखेचीही एक कथा आहे. वर्गणी डॉलरमध्ये, त्यावर १८ टक्के जीएसटी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५,००० रुपयांच्या वरची आपोआप जाणारी रक्कम, म्हणजे माझीही, ओटीपीसारख्या जादा पडताळणीशिवाय कापता येत नाही. नियम आपल्याच भल्याचा आहे, याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या घरात रेंज असते ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. ओटीपी तिथे येतो, तो टाकायचा कॉम्प्युटर खाली. जिन्यातून सहा आकडे पुटपुटत उतरताना आई विचारते, कसला जप चाललाय?

पूर्वी असं नव्हतं, हे वाक्य मी सहसा टाळतो. इथे मात्र ते खरं आहे. १९८३ साली बोरलँड कंपनीनं टर्बो पास्कल हे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर ४९.९५ डॉलरला विकायला काढलं आणि परवान्यात साधं सांगितलं, की हे पुस्तकासारखं वापरा. कुणालाही द्या, कुठल्याही यंत्रावर न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी चालवू नका. आम्ही कॉलेजात त्याच कंपनीच्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलो. (त्या प्रतींचा परवाना कुणी पाहिला होता, हे विचारू नये.) पुढे एकेकानं विकणं सोडून भाड्यानं देणं धरलं. २०१५मध्ये कोड लिहायची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सनं वर्गणी जाहीर केली तेव्हा डेव्हलपरांनी इतका गलका केला, की सलग वर्षभर पैसे भरणाऱ्याला एक आवृत्ती कायमची ठेवू द्यायला कंपनी तयार झाली. म्हणजे भांडलं की मिळतं.

पण भांडायचं कुणाशी? एप्रिल २०२५मध्ये कर्सर या एआय एडिटरच्या गिऱ्हाइकांचं एका यंत्रावर लॉगिन झालं की दुसऱ्यावरचं सुटू लागलं. त्यांनी मदतीसाठी मेल टाकले. ‘सॅम’चं उत्तर आलं, की नव्या नियमाप्रमाणे एका वर्गणीवर एकच यंत्र. लोक भडकले, कित्येकांनी वर्गणी रद्द केली. मग उलगडा झाला: असा नियमच नव्हता आणि सॅम नावाचा माणूसही नव्हता. नियम एआयनंच रचून कळवला होता. कंपनीच्या सहसंस्थापकानं माफी मागितली. मला सॅमचं फारसं नवल वाटलं नाही. नवल याचं, की त्या नियमावर सगळ्यांचा पटकन विश्वास बसला. इतक्या विचित्र अटी आपण ‘मान्य’ म्हणून दाबत आलोय, की त्यात आणखी एक सहज खपली.

हे सगळं डोक्यात असूनही, परवा दुधनीच्या एका अडत्यांकडे मी मनाचा हिय्या करून विषय काढलाच. मालक, यंदापासून प्रोग्रामचे दरवर्षी थोडे पैसे घ्यावे म्हणतो.

"का ओ इंजिनिअर, जुना बंद पडणार हाय का?"

"नाही, तो चालेल. पण नव्यात एआय असेल. पट्टी स्वतःच भरेल."

त्यांनी तुरीचा दाणा दाताखाली फोडून पाहिला, समोरच्या शेतकऱ्याला भाव सांगितला आणि मग माझ्याकडे वळले.

"चुकली तर बोलणी कुणी खायाची? त्यानं, का मी?"

"तुम्ही."

"मग जुनाच राहू द्या की. आणि त्ये नवं मागनं आपोआप येणार असंल तर आत्ताच सांगा, नेटची वायर काढून ठेवतो."