स्मरणचित्राचं पाठांतर

फळ्यावर 'बाजार' असा विषय लिहिला की वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं एकच बाई काढतात. ती डावीकडे बसलेली असते, पाऊण वळलेली. हातात तराजू, पुढ्यात दोन टोपल्या, वर छत्री. तिच्यासमोर पिशवी घेतलेला एक माणूस वाकलेला. 'पाणवठा' दिला की तोच माणूस बादली घेऊन वाकतो. 'वृक्षारोपण' दिलं की रोप घेऊन वाकतो. कंबर तीच आणि वाकण्याचा कोनही तोच.

यात मुलांची काही चूक नाही. हा माणूस त्यांना कुणीतरी दिलेला आहे. कधी क्लासवाल्यांनी, कधी गाइडनं आणि बऱ्याचदा आम्ही चित्रकलेच्या शिक्षकांनीच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो. काय हवं आहे ते त्याच्या नावातच आहे. पाहिलंस ते आठव आणि काढ. आपण त्याचं पाठांतर करून टाकलं. चार उभ्या, तीन बसलेल्या, दोन वाकलेल्या आकृत्या घोटून घ्यायच्या आणि विषय येईल तशा कागदावर मांडायच्या. पाढे पाठ करावेत तशी माणसं पाठ करायची.

इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला 7 गुण मिळतात, बीला 5, सीला 3. या गुणांबद्दल माझी तक्रार नाही. ज्या घरात रंगपेटी कधी आली नसती तिथं ती या गुणांपायी येते, हे मी पाहिलंय. पण सात गुणांसाठी आपण मुलांचे डोळे बांधून घेतो आणि त्याला तयारी म्हणतो, हे मला आता सहन होत नाही.

मी स्वतः हे केलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सातवीतल्या एका मुलानं बाजार काढला होता, तो मागून. कागदभर त्याच्या आईची पाठ. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, खाली ओलं गोणपाट, बाजूला पाण्याची बाटली. पलीकडे गिऱ्हाइकांचे नुसते पाय. चपला, बूट, एका पायात पैंजण. चेहरा एकाचाही नाही. हा मुलगा दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी आईच्या मागं बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचा. त्याला बाजार तिथून दिसायचा. मी कागद हातात घेतला आणि म्हटलं, "अरे, माणसं दिसायला नकोत का? समोरून काढ." त्यानं वाद घातला नाही. खोडरबर घेतला आणि आईची पाठ पुसायला लागला. शिसपेन्सिल दाबून चालवलेली होती, त्यामुळे रेघा गेल्या तरी कागदावर खाचा राहिल्या. त्या खाचांवर मी त्याला छत्रीवाली बाई काढून दाखवली. परीक्षेत त्याला चांगली ग्रेड मिळाली. त्याच्या आईनं आणून दिलेले पेढे मी घेतलेही. त्या पेढ्यांची मला आजही लाज वाटते.

दुसरी गोष्ट 'स्किन कलर'ची. खडूच्या पेटीत फिकट गुलाबी-नारिंगी रंगाची एक कांडी असते आणि मुलं तिला बिनदिक्कत स्किन कलर म्हणतात. उन्हात कबड्डी खेळून आलेला सावळा पोरगा त्या कांडीनं शेतकरी रंगवतो, मजूर रंगवतो, स्वतःची आजी रंगवतो. एकदा मी खडूच्या सगळ्या पेट्या बंद करायला लावल्या आणि जलरंग काढायला सांगितले. म्हटलं, आपला हात पॅलेटशेजारी ठेवा आणि तो रंग मिसळून दाखवा. बर्न्ट सिएना, थोडं यलो ऑकर, निळ्याचा अगदी एक ठिपका. निळा घ्यायला मुलं तयार होईनात. "बाई, हाताला निळा कसा?" मग एकीनं मनगटाच्या आतली शीर पाहिली. तिच्या कडेच्या सावलीत तिला निळा सापडला. बेंचवर हात ठेवून सगळा वर्ग शेजारच्याच्या हाताशी आपला हात जुळवून बघत होता. चाळीस मिनिटांत आमचं एकही चित्र पूर्ण झालं नाही. त्या तासाचं शेरापुस्तकात काय लिहायचं, हा प्रश्न मला पडला नाही.

"वारली सोपी असते ना, बाई?" हाही नेहमीचा प्रश्न. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, काड्यांचे हातपाय लावले, वरती गोल तारपा नाच फिरवला की वारली झाली. शाळेच्या भिंतीवर, स्नेहसंमेलनाच्या पाटीवर, पणत्यांवर, सगळीकडे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं मी मुलांसमोर ठेवते. शेणा-गेरूच्या रंगावर पांढरी रेघ, तिला लागून दुसरी, मग तिसरी. जाळ्याचा एकेक डोळा विणल्यासारखा काढलेला आणि सगळं जाळं पाण्यात पडल्यासारखं हलतंय. जाळं कसं पडतं हे पोटात भिनल्याशिवाय ती रेघ येत नाही. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली ती त्रिकोणांसाठी नव्हे. लग्नघरात चौक लिहिणाऱ्या वारली बायकाही पालघाट देवी बसवताना सोपं म्हणून काही लिहीत नाहीत.

धुरंधरांचं नाव आमच्या पाठ्यक्रमात येतं आणि तारखांमध्ये संपतं. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म 1867, कोल्हापूर. पुढे 41 वर्षं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच ही वर्षं आहेत. मुलांना मात्र मला त्यांची मुंबई दाखवायची असते. एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या पुस्तकात आणि रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकात त्यांनी काढलेली माणसं बघा. कोळीण निऱ्या कशा घेते, पारशी बाई पदर कसा घेते, ओझं घेतलेल्या बाईची मान कुठं ताठ होते, हे तिथं प्रत्येकीचं वेगळं आहे. या माणसाला आकृत्या पाठ नव्हत्या का? होत्याच. हजारोंनी होत्या. पण त्या रस्त्यावरून आलेल्या होत्या. ज्यांना जमेल त्यांनी शाळेची सहल एकदा औंधच्या संग्रहालयात न्यावी. तिथं त्यांची चित्रं मूळ रंगांत बघायला मिळतात आणि मुलं काचेला नाक लावून उभी राहतात.

आता मी आकृत्या देणं बंद केलंय. पालक विचारतात, "मग मुलगा परीक्षेत काय काढणार?" मी सांगते, जे पाहील ते. काहींना पटतं, काही मुलाला क्लासला घालतात. परीक्षकांनाही माझं एक मागणं आहे. छत्रीवाली बाई शंभराव्यांदा पुढ्यात आली की थांबा. तिच्याखाली एखादा वेडावाकडा, मागून काढलेला बाजार असेल, तो वर घ्या. प्रमाण चुकलेलं असेल, हात लांब झाला असेल. तरी तो वर घ्या. आपल्यापैकी कुणीतरी तो पुसायला लावण्याआधी.

गेल्या आठवड्यात मी आठवीला बाजारात पाठवलं. कागद न्यायचा नाही, मोबाइल न्यायचा नाही, अर्धा तास नुसतं उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी तासाला एक मुलगी हात वर करून उभी राहिली.

"बाई, तराजू कुणाकडेच नव्हता."

"मग काय होतं?"

"इलेक्ट्रिक काटा. त्याच्यावर लाल आकडे. आणि भेंडीवाल्या आजींनी तो पैशाचा कोड आहे ना, तो पुठ्ठ्याला चिकटवून टोमॅटोत उभा केला होता."

"मग काढ की."

तिनं आजी काढल्याच नाहीत. आधी टोमॅटो काढले, मग त्यांत रोवलेला पुठ्ठा, पावसानं एका कोपऱ्याला फुगलेला. मग त्यावरचे ते बारीक काळे चौकोन, एकेक करून. घंटा झाली, गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी ती मान वर करेना.