सोवळ्यातली मासेमारी

फ्लाय फिशिंग म्हणजे मासेमारीतलं सोवळं. इंग्लंडात टेस्ट आणि इचेन नद्यांच्या काठी फ्रेडरिक हॅलफर्ड या मासेमारी-गुरूच्या भक्तांनी ठरवून टाकलं होतं की ट्राउट पकडावा तो पाण्यावर तरंगणाऱ्या कृत्रिम माशीनेच. १९१० साली स्क्यूज नावाच्या वकिलाने पुस्तक लिहून पाण्याखालच्या माशीचीही बाजू घेतली. या पाखंडावर १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर वाद झडला. युरोपावर तेव्हा युद्धाचे ढग होते, पण आधी महत्त्वाचे विषय मिटवायला नकोत का!

आता त्याच घराण्याचे अमेरिकी वारस पाहा. साठ अंशांत वाकवलेल्या नेढ्याचा जिग हूक, वर खाच पाडलेला टंगस्टनचा मणी. त्या वजनाने ‘माशी’ धोंड्यासारखी तळ गाठते, आणि हुकाचं टोक वर राहिल्याने गोट्यांत कमी अडकते. उडण्याचा संबंध विचारू नये. दोरीवर स्ट्राइक इंडिकेटर, म्हणजे मासा लागला की बुडणारा तरंगता गोंडा. तो मात्र घरीच करायचा. विणकामाच्या टोपलीतली भगवी लोकर पळवायची, विंचरून फुलवायची, बुडू नये म्हणून मेणचट मलम चोळायचं. कुणी इअरप्लगचा फोम कापतो. हजारभर डॉलरच्या काठीला हा फुकटातला बोया! आणि ‘बोया’ म्हणालात तर साहेब दिवसभर बोलणार नाहीत.

जागतिक फ्लाय फिशिंग स्पर्धेत हे तरंगते बोये चालत नाहीत. दोरीतच रंगीत तुकडा गाठ मारून जोडला, तर तो चालतो.