मान माहेरचीच
मुहूर्त सकाळी नऊचा, म्हणून नवरी पहाटे चारपासून खुर्चीत. प्राइमर, फाउंडेशन, कन्सीलर, वर सेटिंग स्प्रे. एवढं थापून मागणी काय, तर ‘नॅचरल दिसू दे’. चेहरा दोन छटा उजळतो, मान मात्र माहेरचीच राहते. सिलिकावाली पावडर जास्त झाली की फ्लॅशमध्ये पांढरी चमकते. मग अल्बममधल्या करवल्या पिठाच्या गिरणीतून थेट मांडवात आलेल्या. (टचअप नवरदेवही करून घेतो, फक्त कबूल करत नाही.) त्यात मे महिना, होमाचा धूर आणि ‘वॉटरप्रूफ’ काजळाची परीक्षा. अंतरपाट दूर होताच नवरा क्षणभर गुरुजींकडे बघतो: हीच ना? लग्नाचं सोडा, रोजच्या ऑफिससाठी म्हणे ‘नो मेकअप लुक’ असतो. त्याच्या बाटल्या नवरीच्या पेटीतल्यांपेक्षा दोनच कमी.